आडोशातली बाई

ठाण्यातल्या बाळकुमच्या गावठाणात अजून तग धरून असलेली बैठी घरं आणि त्यांच्या डोक्यावरून खाडीकडे बघत उभे असलेले मनोरे यांचं आपसांत फारसं बोलणं नाही. पण एक बाई मात्र दोन्हीकडे सारख्याच मोकळेपणाने राहते. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि त्या हाताच्या बोटांतून पाझरणारा लालसर उजेड. गावठाणात ती कॅलेंडरावरून कापून काचेमागे बसवलेली असते, मनोऱ्यात सोनेरी फ्रेममध्ये. चित्र कोणाचं, असं विचारलं की उत्तर मात्र दोन्हीकडे एकच मिळतं: राजा रविवर्मा. आणि ते इतक्या खात्रीने, की चित्र रंगत असताना चहा जणू यांच्याच घरून जात होता.

आता रविवर्मा गेले १९०६ साली आणि चित्र आहे १९४५-४६चं. गेल्यावर चाळीस वर्षांनी, तेही आपले लाडके तैलरंग सोडून जलरंगात, कोण कशाला चित्र काढायला येईल? पण यात दोष त्यांच्याच कर्तृत्वाचा. १८९४ साली त्यांनी इथून जवळच, घाटकोपरला, छापखाना काढला आणि घरोघरी लक्ष्मी-सरस्वती पाठवल्या. तेव्हापासून भिंतीवरची प्रत्येक देखणी नऊवारी त्यांच्या खात्यावर जमा होत आली. खरे चित्रकार सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर. १९०८पासून मुंबईत स्वतःची चित्रशाळा चालवणारा हा माणूस. त्यांचं हे चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे, आणि त्याच छपराखाली रविवर्म्यांचीही चित्रं आहेत. थोरामोठ्यांच्या शेजारी राहायला गेलं की पत्रं त्यांच्याच पत्त्यावर जातात, तसंच काहीसं हे. जलरंगाचा स्वभाव मोठा विलक्षण. त्यात लख्ख उजेड हवा असेल तर रंग लावायचा नसतो, कागद कोरा राखायचा असतो. म्हणजे जिथे चित्रकाराने हात आवरला, तिथेच आपले डोळे दिपतात. नावाच्या बाबतीतही हळदणकरांनी कागद जरा जास्तच कोरा ठेवला की काय, असं मला कधी कधी वाटतं.

आणि बाई कोण? हळदणकरांची मुलगी, गीता. दिवाळीत तिच्या हातात दिवा पाहून वडिलांना हे चित्र सुचलं आणि ती त्यासाठी तीन तास उभी राहिली, अशी हकिकत सांगतात. सणाच्या घरात फराळाचे वास दरवळत असताना लेकीला दिवा धरून निश्चल उभं करणारा बाप आणि हात भरून आला तरी ज्योत न हलू देणारी लेक, यांत अवघड काम कोणाचं होतं हे मला सांगता येणार नाही. पुढे त्या गीता उपळेकर झाल्या, कोल्हापुरात राहिल्या आणि २०१८ साली, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी गेल्या. एवढ्या दीर्घ आयुष्यात किती जणांच्या दिवाणखान्यांत त्यांची स्वतःशी गाठ पडली असेल! आणि यजमान कौतुकाने सांगत असतील, ‘रविवर्म्यांचं आहे बरं का.’

गावठाणातल्या एका आजींना मी ही सगळी हकिकत मोठ्या उत्साहाने सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, मग चित्राकडे बोट करून शांतपणे म्हणाल्या, “ही माझी सासू.” लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा वीज बेभरवशाची होती आणि खाडीवरचा वारा सुटला की सासूबाई अशाच, हाताचा आडोसा करून, ओटीवरून आत यायच्या. मला लोडशेडिंगच्या दिवसांतली आमची आई आठवली. मेणबत्ती घेऊन ती स्वयंपाकघरातून निघे तेव्हा आधी तिची लाल बोटं दिसत, मग चेहरा. आजींशी वाद घालण्याइतकी माझी बाजू भक्कम राहिली नाही.

नाक्याजवळच्या फ्रेमवाल्यापाशी मात्र मी हट्ट धरला. त्याच्याकडे या चित्राच्या प्रती रांगेने टेकवून ठेवलेल्या होत्या आणि प्रत्येकीखाली रविवर्म्यांचं नाव ठळक छापलेलं. मी हळदणकरांचं नाव सांगितलं, सालं सांगितली, जलरंग समजावला. त्याने मान डोलावली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाला, “खरं असेल साहेब. पण ते नाव घातलं तर गिऱ्हाईक म्हणेल, डुप्लिकेट आहे.”