मांडवगडच्या समस्त पक्षिगणास अनावृत पत्र

धार जिल्ह्यात विंध्याच्या दक्षिण कड्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर वस्ती करून असलेल्या समस्त पक्षिगणास रविवारच्या पर्यटकवर्गातर्फे कळविण्यात येते की, त्यांच्या वर्तनाबद्दल सदर वर्गात तीव्र नाराजी आहे.

पहिली तक्रार वेळेची. पर्यटकवर्ग इंदुरात पोहे-जिलेबी आटोपून भर दुपारी गडावर पोहोचतो, तेव्हा पक्षिगण सावलीत मुकाट बसलेला आढळतो. नवरंग, म्हणजे पावसाच्या तोंडावर विणीसाठी मध्य भारतातील पानझडी रानांत उतरणारा बहुरंगी पक्षी, आपली दोन सुरांची शीळ पहाटे व सांजवेळीच का घालतो, याचा खुलासा व्हावा. मांडवगडाचे (मांडूचे) पठार माळव्यापासून तोडणाऱ्या काकडा खोह या दरीकाठी पायी फिरावे, अशीही त्याची अपेक्षा दिसते; वाहनतळावर दर्शन देण्याची सोय त्याने अद्याप केलेली नाही. गोरखचिंचेने, म्हणजे मूळच्या आफ्रिकी आणि पिंपासारख्या बुंध्याच्या वृक्षाने, तर कमाल केली आहे: पर्यटक परतीच्या वाटेला लागल्यावर तिची फुले उमलतात आणि वटवाघळांची सरबराई होते. (वटवाघळे पक्षिगणात मोडत नाहीत, पण तक्रार कुठेतरी नोंदवलीच पाहिजे.)

दुसरी तक्रार इतिहासाची आहे आणि ती अधिक गंभीर आहे. १५६१ मध्ये अकबराच्या फौजेने माळव्याचा सुलतान बाजबहादुर याचा पराभव केला आणि त्याची प्रिया रूपमती हिने विष घेतले, एवढी कथा पर्यटकवर्गास पुरते. असे असता रूपमती मंडपाचे बांधकाम टप्प्याटप्प्याने झाले असून मूळ वास्तू निमाडच्या मैदानावर नजर ठेवणारी लष्करी चौकी होती, ही माहिती तेथील भिंतींनीच उघड करावी, हे रसभंगाचे कृत्य होय. जहाज महालही नुसता दोन तलावांमध्ये तरंगल्यासारखा दिसून थांबत नाही. छपरावरचे पावसाचे पाणी पन्हळींतून हौदात कसे नेले, हे शोधायला तो माणसाला जिने चढायला लावतो. मराठी पर्यटकांची कुचंबणा वेगळीच, कारण वाटेतल्या धारच्या किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, पवारांनी तेथे दीर्घकाळ राज्य केले, आणि तरीही तो किल्ला रस्त्यावर आडवा येऊन गाडी थांबवीत नाही.

तरी पक्षिगणाने दुपारी बारा ते दोन या वेळेत मंडपाच्या कठड्यावर ओळीने हजर राहावे, ही विनंती.

कळावे.

प्रत माहितीसाठी: देवासची माताजीची टेकडी. तुळजाभवानी व चामुंडा यांच्या दर्शनाला रोपवेची सोय करून घेतल्याबद्दल तिचे अभिनंदन. पायथ्याच्या एकाच गावात पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातीची दोन संस्थाने नांदली. १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस असलेल्या ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने देवासच्या आपल्या पत्रांचे पुस्तक १९५३ मध्ये काढले आणि त्याला या टेकडीचेच नाव दिले. हे सारे पाळण्यातून वर जाताना कोणालाही ऐकावे लागत नाही, याची पर्यटकवर्गाने कृतज्ञतापूर्वक नोंद घेतली आहे.