छिद्रान्वेषण

दुसऱ्याची उणी शोधत हिंडणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत छिद्रान्वेषी म्हणतात. परंतु स्वतःच्याच घरातील धडधाकट डब्याला स्वहस्ते छिद्र पाडून, तो डबा काखोटीस मारून, रतनगडासारख्या आडवळणी डोंगरावर चढून जाणाऱ्या इसमाला काय म्हणावे, याविषयी कोशकार मौन बाळगून आहेत. आमच्या घरी त्यासाठी एक शब्द रूढ आहे. परंतु तो तत्सम नसून अस्सल देशी असल्यामुळे येथे देता येत नाही.

ज्या डब्यापायी हे सारे घडले तो म्हणजे पिनहोल कॅमेरा. याला भिंग नसते, कळ नसते, काही बिघडेल असा एकही अवयव नसतो. आत काळोख, एका बाजूला सूक्ष्म छिद्र आणि समोरच्या बाजूला प्रकाशाने काळवंडणारा कागद, एवढाच त्याचा संसार. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात एका अंधाऱ्या दालनातील भिंतीवर गोपुराची उलटी प्रतिमा पडते, ती याच न्यायाने. आणि खग्रास-खंडग्रासाच्या दिवशी झाडाखाली शेकडो चंद्रकोरी सांडतात, त्याही पानांमधल्या फटींची करामत. दहा सेंटिमीटर खोल डब्याला जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र लागते. ते मोठे केले तर चित्र धूसर होते, आणि म्हणून फारच लहान करावे तर प्रकाश कडांपाशी फाकून चित्र पुन्हा धूसरच होते. हा सुवर्णमध्य लॉर्ड रॅले यांनी गणिताने साधला. मी तो सौभाग्यवतींच्या दहा नंबरच्या सुईने साधला, आणि सुई वाकल्याची वार्ता परत येईपर्यंत गुप्त ठेवली.

एवढ्याशा छिद्रातून प्रकाश यायचा तो थेंबाथेंबानेच. भर उन्हात अर्धे मिनिट, आभाळ आले की पाच-दहा मिनिटे. त्यातही प्रकाश अतिमंद झाला की कागद आळसावतो, आणि दुप्पट वेळ दिल्याने दुप्पट काम होत नाही. सरकारी कचेऱ्यांत पूर्वापार ठाऊक असलेली ही गोष्ट कार्ल श्वार्त्सशिल्ट नामक जर्मन ज्योतिर्विदाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नियमात बसवली. याच गृहस्थाने पुढे १९१६ साली जे गणित प्रसिद्ध केले त्यातून कृष्णविवराची कल्पना उदयास आली; छिद्राचा नाद माणसाला कोठवर नेतो, हे यावरून कळून यावे.

मी चार डबे काळ्या चिकटपट्टीने गुंडाळून राजूरच्या गाडीत बसलो. शेजारी महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून होते. तीस वर्षे दफ्तरात काढल्यामुळे, मुद्देमाल डोळ्यांनी पाहिल्यावाचून कोणाच्याही जबानीवर भिस्त ठेवायची नाही, हा बाणा त्यांच्या अंगी मुरला होता.

“यात काय आहे?”

“काळोख,” मी खरे ते सांगितले.

“दाखवा पाहू.”

“उघडला तर जाईल हो तो.”

हे उत्तर त्यांना उडवाउडवीचे वाटले असावे. मी तिकिटाचे सुटे पैसे मोजत असताना त्यांनी एका डब्याचे झाकण उघडले, आत निरखून पाहिले आणि विजयी मुद्रेने म्हणाले, “यात तर काहीच नाही!”

“आता नाही,” मी म्हणालो.

१९२६ साली पुरे झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाने प्रवरेला अडवून जो जलाशय केला आहे, त्याच्या काठाकाठाने आपण रतनवाडीस पोहोचतो. तेथे अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. दुसरा डबा मी त्याच्यासमोर दगडावर मांडला, तेव्हा गावातली झाडून सारी पोरे चित्रात येण्यासाठी डब्यापुढे नाचू लागली. वाटाड्या म्हणून ठरवलेले मामा त्यांना हाकलण्यास उठले, मी त्यांना थांबवून मोठ्या अधिकारवाणीने म्हणालो, “नाचू द्या त्यांना. जो हलतो तो या चित्रात उमटतच नाही. जो थांबेल तोच येईल.” हे वाक्य बोलून झाल्यावर माझे मलाच ते एखाद्या संतवचनासारखे भासले. पुढे ते माझ्यावरच शेकणार आहे, याची मला तेव्हा सुतराम कल्पना नव्हती.

गडाची वाट रानातून जाते आणि शेवटी कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्यांना येऊन भिडते. या शिड्या चढताना माणसाला दोन हात कमीच पडतात. त्यांतला एक डब्यात गुंतलेला असल्यामुळे मी ऐन मध्यावर पेचात पडलो. जीव की डबा, असा प्रश्न उपस्थित झाला, आणि तिसरा डबा खडखडत दरीकडे रवाना झाला. मामा वरून म्हणाले, “जाऊ द्या सायेब, आत काळोखच व्हता न्हवं?”

गणेश दरवाजा ओलांडून आम्ही माथ्यावरच्या नेढ्यात आलो. सुईला जसे नेढे असते तसे ते या डोंगराला आहे: आरपार, आणि दहापाच माणसे ऐसपैस बसतील एवढे प्रशस्त. भोवती सोनकीची पिवळी फुले, समोर ५,४०० फूट उंचीची कळसूबाई, पलीकडे अलंग, मदन आणि कुलंग. मामांनी एकदा माझ्या डब्याकडे व एकदा नेढ्याकडे पाहिले.

“तुमच्या डब्याला भोक, ह्या डोंगराला बी भोक. मग ह्यो कुनाचा फोटू काढतोय?”

मी त्यांना समजावू लागलो, की प्रतिमा पडण्यास छिद्र लहान हवे, पलीकडे अंधार हवा, वगैरे. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “तसं न्हाई. झाकनच लावलं न्हाई कुनी. लई वर्सं उघडं ऱ्हायलंय, फोटू जळला असंल.” सह्याद्रीचा हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, एवढा वेळ झाकण उघडे राहिले तर श्वार्त्सशिल्टसुद्धा काही करू शकला नसता.

आभाळ भरून आले होते. मी दहा मिनिटांचा हिशेब मांडला, म्हणजे जुन्या मापाने पंचवीस पळे. आमच्या आजोबांच्या काळी लग्नमुहूर्त साधण्यासाठी पाण्यात घटिकापात्र सोडीत. त्या वाटीच्या बुडाला असेच एक सूक्ष्म छिद्र असे, आणि त्यातून आत येणाऱ्या पाण्यावर वेळ मोजली जाई. त्या वाटीत काळ शिरायचा, माझ्या डब्यात प्रकाश. दोघांनाही घाई केलेली खपत नाही. मामांचे माप याहून सोपे होते. एकदा तंबाखू मळून, थापटून ओठांत ठेवायची ती पाच पळे. तेव्हा हे पाच तंबाखूंचे छायाचित्र ठरले.

डब्यावर दगड ठेवून मी छिद्र उघडले, आणि कळसूबाई पाठीशी येईल अशा बेताने, एक हात कमरेवर ठेवून, किल्लेदाराच्या थाटात उभा राहिलो. मामा कडेच्या कातळाला टेकून बसले. पहिली तंबाखू संपते न संपते तोच नेढ्यातून वाऱ्याचा एक झोत आला आणि माझी टोपी घेऊन गेला. मी तिच्यामागे धावलो. ती सोनकीच्या ताटव्यात सापडली. परतताना पाय घसरला. गुडघा चोळण्यात, पाणी पिण्यात आणि हात कमरेवर ठेवण्याची मूळची अदा आठवण्यात दहाची वीस मिनिटे झाली. मामा केव्हाच घोरू लागले होते.

घरी न्हाणीघरात, ज्या रंगाला तो कागद आंधळा असतो त्या तांबड्या दिव्याखाली, चित्र हळूहळू वर आले. कागदाच्या आळसाने जादा दहा मिनिटे पोटात घातली होती. कळसूबाई होती, नेढ्याची कमान होती, कातळाला टेकलेले मामा तर टोपीच्या चुणीसकट होते. किल्लेदार मात्र कोठेच नव्हता.

पुढल्या खेपेस मी मूळ कागद व त्यावरून काढलेली प्रत, दोन्ही मामांना दाखवायला नेली. प्रतीत सोनकी काळी पडली होती, कारण या कागदाला पिवळाही रंग दिसत नाही. मामांनी तिकडे दुर्लक्ष करून चित्र कोपऱ्या-कोपऱ्यातून तपासले.

“सायेब, ह्यात तुमी कुठं?”

“तिथेच होतो की, मामा.”

“व्हता खरं,” ते म्हणाले, “पर थांबला कुठं?”

मग त्यांनी मूळ कागद हातात घेतला. त्यावर काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे झालेले असल्यामुळे मामांची शुभ्र टोपी कुळकुळीत काळी दिसत होती. बराच वेळ ती न्याहाळून त्यांनी तो कागद माझ्या पिशवीत परत ठेवला.

“ह्यो तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. पुढल्या म्हयन्यात पंचायतीची निवडनूक हाय. लोक म्हनतील, मामानं टोपी फिरवली.”