सूत्र देवीचे, सिद्धता कोणाची?

केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी कट्टर नास्तिक. पण देवाशी त्यांचे भांडण अगदी भाऊबंदकीतले. क्रिकेटची मॅच बघायला जाताना ते स्वेटर, छत्री आणि कामाचे कागद मुद्दाम बरोबर घेत. पाऊस पडून निवांत काम करता यावे, अशी यांची इच्छा आहे असे देवाला वाटावे आणि त्याने खोडी म्हणून लख्ख ऊन पाडावे, हा बेत. एकदा खवळलेल्या समुद्रातून इंग्लंडला परतण्याआधी त्यांनी मित्राला कार्ड टाकले : रीमानचे (गणितातले आजही न सुटलेले) गृहीतक मी सिद्ध केले आहे. आता बोट बुडाली तर हार्डींना फुकटची कीर्ती मिळणार, आणि तेवढे सुख देव त्यांना कसले लाभू देतो! बोट सुखरूप पोहोचली. देवाचा स्वभाव इतका बारकाईने जोखलेला आस्तिकही विरळाच.

अशा माणसाच्या पदरात १९१३ साली देवाने, म्हणजे टपाल खात्याने, रामानुजन टाकले. मद्रास पोर्ट ट्रस्टमधले हे कारकून. सूत्रे स्वप्नात येऊन सांगते ती आपली कुलदेवता, नामक्कलची नामगिरी, अशी त्यांची श्रद्धा. देवीची एकच अडचण होती : ती उत्तर सांगे, सिद्धता देत नसे. मूळसंख्यांविषयीचे काही दावे तर तपासल्यावर चुकीचे निघाले. ते दावे बाजूला पडले. देवी देव्हाऱ्यातच राहिली.

१९१८ साली हार्डी-रामानुजन या जोडीने संख्यांच्या विभाजनांचे सूत्र प्रसिद्ध केले. ४ ची बेरजेत फोड ५ तऱ्हांनी होते. २०० ची ३९,७२,९९,९०,२९,३८८ तऱ्हांनी. गणिती मॅकमहॉन यांनी ती संख्या हाताने आकडेमोड करून काढली, सूत्राशी ताडली, जुळली. त्यात आस्तिकाचा वाटा कुठे संपतो आणि नास्तिकाचा कुठे सुरू होतो, हे आकड्यांना विचारून कळत नाही.

म्हणून इस्रोची मंडळी यानाची प्रतिकृती घेऊन तिरुपतीला गेली की मी फारसा तापत नाही. २०१९ मध्येही उड्डाणाआधी दर्शन झाले होते, तरी चांद्रयान-२ चा ‘विक्रम’ लँडर चंद्रावर आदळलाच. तेव्हा पूजेत काय राहून गेले, हे शोधायला कोणी समिती नेमली नाही. पाय भक्कम केले, इंधन वाढवले, सॉफ्टवेअर सुधारले आणि मग पुन्हा बालाजीला जाऊन आले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी पुढचे यान चंद्रावर अलगद उतरले. श्रेय कोणाचे, यावर खुशाल वाद घाला. पहिल्या खेपेचा दोष बालाजीच्या नावावर कोणी मांडला नाही, विज्ञानाचे तेवढ्यावर भागते.