मुसळीकाका

बोरिवली पूर्वेच्या आमच्या सोसायटीत नवं बिऱ्हाड आलं की आठवड्याच्या आत दोन माणसं दार वाजवायची. एक सेक्रेटरी, मेंटेनन्ससाठी. दुसरे मुसळीकाका, तुमच्या गॅलरीत ऊन किती वाजता येतं ते विचारायला.

काका बँकेतून निवृत्त झाले आणि बिल्डिंगमागच्या चिंचोळ्या पट्टीत रुजू झाले. भंगार सायकली हलवून तिथे रंगाचे डबे, फुटके टब आणि दह्याच्या बादल्या मांडल्या. प्रत्येकात आइस्क्रीमची काडी, काडीवर बारीक अक्षरात नाव. काका या पट्टीला 'उद्यान' म्हणायचे, सेक्रेटरी 'अतिक्रमण'.

पांढऱ्या मुसळीवर त्यांचा विशेष जीव. तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलिएनम. 1950 च्या दशकात सेंट झेवियर्सचे फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी ते ठेवलं. "आपल्या स्टेशनचं नाव लॅटिनमध्ये आहे," काका छाती फुगवून सांगत. "विरारवाल्यांनी दाखवावं असं एखादं!"

पावसाळा सरला की मुसळीची पानं वाळतात आणि कंद मातीखाली झोपून राहतो. त्यामुळे हिवाळाभर, उन्हाळाभर काका एका रिकाम्या कुंडीची राखण करत. काकूंनी एकदा तीत धणे टाकले.

"अगं, ती झोपलीय! पाणी घातलंस तर कंद कुजेल."

"झोपू दे की," काकू म्हणाल्या, "तिच्या उशाशी चार काड्या कोथिंबीर आली तर तिची काय झोपमोड होणार आहे?"

जूनमध्ये पाड्यावरच्या बायका स्टेशनबाहेर शेवळं आणि फोडशी घेऊन बसल्या की काकांची चौकशी सुरू. "मावशी, पानं खुडलीत की मुळासकट उपटलीत?" मागे गिऱ्हाइकांची रांग. मावशी शांतपणे म्हणायची, "काका, आम्हाला पुढच्या वर्षी पण इथंच बसायचंय." काका खूश होऊन दोन जुड्या जास्त घ्यायचे, आणि घरी काकू कपाळाला हात लावायच्या.

नॅशनल पार्क हाकेच्या अंतरावर, पण तिथून त्यांनी कधी एक बीसुद्धा उचललं नाही. "तिथलं तिथेच." रोपं आणायची ती नर्सरीतून, नाहीतर आपल्यासारख्याच दुसऱ्या वेड्याकडून.

लोक मात्र यायचे औषधाला. "काका, शुगरवर काही आहे?" "काका, खोकल्याला दोन पानं." काकांचं उत्तर ठरलेलं, "मी वैद्य नाही, राखणदार आहे. पान मिळणार नाही, रोप घेऊन जा." कोविडच्या काळात गुळवेलीला भाव आला तेव्हा त्यांनी अख्ख्या विंगेला कांडी वाटली. गुळवेल कांडीवर येते, तिची चिंता नाही. सर्पगंधेचं तसं नव्हे. एका सभेत सेक्रेटरी 'अतिक्रमणा'वर ओरडून लालबुंद झाले. काका म्हणाले, "सांभाळा, बीपी वाढेल. 1949 साली आपल्या मुंबईच्याच डॉक्टर रुस्तुम जाल वकिलांनी बीपीवर सर्पगंधा चालते, हे विलायतेतल्या नियतकालिकात छापून जगाला सांगितलं."

"मग द्या की थोडी!"

"तुम्ही आपल्या गोळ्या घ्या. तिचं औषध मुळात असतं. मूळ उपटलं की झाड गेलं. जगाला गुण कळला आणि जंगलातली सर्पगंधा कमी झाली, ती अशीच."

मग सोसायटी पुनर्विकासाला गेली. कार्पेट एरिया, कॉर्पस आणि भाडं यांवर जुंपलेली असताना काकांनी हात वर केला, "आणि सर्पगंधेने कुठे राहायचं?" सभा हसली. काका हसले नाहीत. बिऱ्हाडं हलायच्या आदल्या रविवारी त्यांनी घरोघरी कुंड्या पोचवल्या, वहीत सही घेऊन. सेक्रेटरींच्या पदरी शतावरी आली. त्यांनीही निमूट सही केली.

आता कोणी मुलुंडला आहे, कोणी घाटकोपरला, कोणी अंधेरीला. मला वाटलं, काका खचले असतील. उलट स्वारी खुशीत. "बरं झालं रे. सगळी एका भिंतीआड होती, एक ड्रेनेज तुंबलं असतं तरी खेळ खलास. आता चार उपनगरांत आहेत. मोठमोठी वनस्पती-उद्यानं दुसरं काय करतात? दुर्मीळ झाड एकाच जागी ठेवत नाहीत."

सर्पगंधा माझ्या वाट्याला आलीय. दर रविवारी काकांचा फोन येतो. गेल्या खेपेस मी म्हटलं, "काका, तापाने अंथरुणात आहे."

"अरेरे," काका कळवळून म्हणाले, "मग तिला पाणी कोण घालतंय?"