क्रांतीची पावती

आमच्या काकांच्या दिवाणाखाली लोकशाही समाजवादाच्या तीनशे चाळीस प्रती आहेत. कादंबरी त्यांनी १९९८ साली पदरमोड करून छापली. प्रती पाचशे, पानं ६१२. खपलेल्या एकशे साठ बहुतेक लग्नामुंजीत आहेर म्हणून गेल्या. गोष्ट अशी की धो धो पावसात एका सरकारी विश्रामगृहात एक मंत्री, एक गिरणीमालक आणि एक शाळामास्तर अडकतात आणि राज्य म्हणजे काय, यावर रात्रभर बोलतात. मध्ये एकदा मंत्री बाथरूमला जाऊन येतो, एवढीच हालचाल. पहाटे पाऊस थांबतो आणि मास्तर बोलायला लागतो, तो एकाहत्तर पानं थांबत नाही.

काका जुन्या गोरेगावचे. अख्खा महाराष्ट्र ज्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणायचा, त्या मृणालताई गोऱ्यांच्या लाटणं मोर्चात ते होते. लाटणं घेऊन नव्हे, बायकांना पाणी द्यायला. पुढे मृणालताई, प. बा. सामंत वगैरे मंडळींनी सरकारशी वर्षानुवर्षं भांडून, कमाल जमीनधारणा कायद्याच्या आधाराने, दिंडोशीला नागरी निवारा उभा केला. त्यात काकांना घर मिळालं. त्यामुळे समाजवाद हा काकांच्या लेखी वाद नाही, पत्ता आहे.

या पत्त्यावर गेल्या वर्षी माझा भाचा येऊन थडकला. भाचा एका एडिटिंग स्टुडिओत रात्रपाळी करतो आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला व्यक्तिवादी लेखिका आयन रँड झाली होती. त्या वयात पोरांना कांजिण्यांसारखी ती होते. बहुतेकांची उतरते, याची अंगात मुरली.

“मामा, आजोबांच्या पुस्तकात तीन भागांची वेबसीरिज आहे,” तो म्हणाला.

मी पोटासाठी दैनंदिन मालिकांचे संवाद लिहितो. तीन माणसं एका खोलीत बसून रात्रभर बोलतात, हे मला नवीन नाही. फक्त आमच्याकडे त्यांच्या अंगावर दागिने असतात.

“बजेट?”

“एक लाख ऐंशी.”

“एका भागाचं?”

“सगळ्याचं.”

भाच्यापुढे आदर्श होता रँडबाईंच्या ‘ॲटलस श्रग्ड’वरच्या चित्रपटांचा. १९५७ ची ती कादंबरी, हजारावर पानं. एका उद्योगपतीने १९९२ साली तिचे हक्क घेतले आणि हक्कांची मुदत संपत आली, तेव्हा २०१० साली घाईघाईने शूटिंग सुरू केलं. पहिला भाग २०११ ला आला, दुसरा २०१२ ला, तिसरा २०१४ ला. पहिल्या भागाला दोन कोटी डॉलर लागले, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने चहापाणी. त्यातला पाव हिस्साही तिकीटबारीवर परत आला नाही. आणि प्रत्येक भागात नटसंच नवा. नायिका तीन भागांत तीन वेगळ्या बाया.

“हा आदर्श?” मी विचारलं.

“मामा, पडले, पण तिन्ही भाग पूर्ण केले.”

आमच्याकडेही मुदत होतीच. काकांच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जूनमध्ये होतं आणि त्याआधी सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा त्यांचा आग्रह होता. कुठल्या डोळ्याने, ते विचारायची सोय नव्हती.

काकांपुढे आदर्श अर्थातच ‘सिंहासन’चा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांची तेंडुलकरांनी एक पटकथा केली आणि जब्बार पटेलांनी १९७९ साली कृष्णधवल चित्रपट काढला. पैशाची चैन तिथेही नव्हती. पण शरद पवार मुख्यमंत्री होते आणि त्यांनी प्रत्यक्ष मंत्रालयात शूटिंग करू दिलं. काका म्हणाले, “आपणही मंत्रालयात जाऊ.” आम्ही एका ओळखीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये गेलो. तिथल्या सेक्रेटरींनी महिन्याभराने परवानगी दिली, ती ‘राजकीय स्वरूपाचा कार्यक्रम नसावा’ या अटीवर. भाच्याने अर्जात ‘कौटुंबिक सोहळा’ लिहिलं. टेकडीपलीकडे, १९७७ पासून, सरकारची चित्रनगरी आहे. तिथे देऊळ आहे, तळं आहे, हेलिपॅड आहे. आमच्या बजेटात त्या गेटपर्यंतची रिक्षा बसत होती, तीही शेअरची.

पटकथा लिहायला म्हणून मी ‘सिंहासन’ पुन्हा पाहिला आणि सुरुवातीलाच चरकलो. मुख्यमंत्र्यांना एक निनावी फोन येतो की तुमचं सरकार पाडायचा कट शिजतोय. बस्स. तिथून पुढे अरुण सरनाईकांच्या चेहऱ्यावर आणि डॉक्टर लागूंच्या पापण्यांवर अख्खं राज्य डळमळत राहतं. खर्च काय, तर एक फोन! आणि खलनायकी करून करून महाराष्ट्रातल्या बायकांच्या शिव्या खाल्लेल्या निळू फुल्यांना साधा वार्ताहर, दिगू टिपणीस, केलेलं. तो सगळं बघतो, सगळं त्याला कळतं आणि शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. भाषण नाही. साधूंकडे काय विचार नव्हता? होता, पण तो माणसांच्या हालचालीत मुरवलेला होता. काकांचा विचार बरणीत वेगळा ठेवलेला होता, वर लेबल लावून.

मी काकांना भीतभीत म्हटलं, “काका, आपल्या विश्रामगृहात एक फोन वाजला तर?”

“कोणाचा?”

“कोणाचाही. निनावी.”

“पावसाने लाइन बंद आहे. पान ९ बघ.”

शेवटी फोन आला, पण फक्त टेबलावर. शेजारच्या आजींच्या माळ्यावरचा काळा, डायलचा. तो वाजत नाही. सबंध मालिकेत मंत्री त्याच्याकडे आशेने बघतो, आणि तेवढाच काय तो सस्पेन्स.

शूटिंगबद्दल फार सांगत नाही. पण विधानसभेचं सांगायलाच हवं. अडतिसाव्या प्रकरणात मंत्र्याला जुनं अधिवेशन आठवतं. आपल्या विधानसभेत सदस्य २८८. आमच्याकडे क्राउड अकरा आणि नेहरू जाकिटं चार. भाच्याने आधी सत्ताधारी बाक घेतले. मग त्याच अकरा जणांना उठवून समोरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं, जाकिटांची अदलाबदल केली आणि विरोधी पक्ष घेतला. काका मॉनिटरसमोर बसले होते. मला वाटलं, आता चिडणार.

“पण पक्षांतर तर बेचाळिसाव्या प्रकरणात आहे,” ते म्हणाले. “इतक्यात कसं आलं?”

गिरणी कामगारांच्या मोर्चाला पाच हजार माणसं हवी होती. ती भाच्याने गोरेगाव स्टेशनबाहेर, सकाळी पावणेनऊला, मोबाइलवर फुकट मिळवली. पुलाच्या पायऱ्या उतरणारी अफाट गर्दी, एका दिशेने, चेहऱ्यावर जन्मभराचा अन्याय. फक्त कोणी घोषणा देईना, आणि तिसऱ्या रांगेतला एक माणूस कॅमेऱ्याकडे बघत केळं खात होता. घोषणा डबिंगमध्ये घातल्या. केळं राहिलं.

पहिला भाग संपता संपता मंत्र्याच्या बायकोचं काम करणारी मुलगी गेली, तिला मालिका मिळाली. दुसऱ्या भागातली बाळंतपणाला गेली. तिसरी आली ती दोघींपेक्षा वीतभर उंच. भाचा हवालदिल झाला. काकांनीच त्याची समजूत घातली, “अरे, तुझ्या त्या रँडबाईंच्यात तीन भागांत तिघी होत्या ना? आपण परंपरेतच आहोत.”

आणि तिथेच पैसे संपले. तिसरा भाग राहिला, म्हणजे पहाट राहिली, म्हणजे मास्तरचं भाषण.

भाचा पडेल आवाजात म्हणाला, “तिसऱ्या भागाला ‘ॲटलस’वाल्यांनीही लोकांकडून मागितले. इंटरनेटवरून चार लाखांच्या वर डॉलर जमले.”

काका ताठ बसले. “थांब. त्या बाईंच्या कादंबरीत जी आदर्श वस्ती आहे, तिथे ‘देणं’ हा शब्द उच्चारायलासुद्धा बंदी आहे. मी वाचलंय. आणि तिच्या सिनेमाला वर्गणी?”

“क्राउडफंडिंग, आजोबा.”

“वर्गणीच ती.” काका उठले, कपाट उघडलं आणि आतून पावतीपुस्तक काढलं. पिवळं पडलेलं, कार्बनसकट. “बाकी काही जमलं असेल-नसेल, पण आम्ही हयातभर हे केलंय.”

पुढचे आठ दिवस एक ऐंशीच्या घरातला समाजवादी आणि एक चोवीस वर्षांचा कट्टर व्यक्तिवादी संध्याकाळी सहा ते नऊ जिने चढत होते. काका बेल दाबायचे, भाचा पावती फाडायचा. “कशाची वर्गणी?” असं कोणी विचारलं की काका “लोकशाहीची” म्हणायचे. मग दार हळूच बंद व्हायला लागायचं, तेव्हा भाचा म्हणायचा, “शूटिंग आहे, तुम्हाला गर्दीत उभं करू.” दार पुन्हा उघडायचं.

सव्वीस हजार जमले. मास्तरचं काम करणारा नट तोवर नाटकाच्या दौऱ्यावर गेला होता, तेव्हा भाषण काकांनीच करायचं ठरलं. रँडबाईंचा नायक रेडिओवरून तीन तास बोलतो. सिनेमात ते काही मिनिटांत उरकलंय. मी एकाहत्तर पानांची चार केली. काकांनी ती चष्म्याच्या घरात घडी करून ठेवली आणि म्हणाले, “पाठ आहे. सगळंच.”

गच्चीवर शूट होतं. रात्री दहानंतर आवाज बंद, ही अट. साडेनऊला लाइट लागले, पलीकडे आरेचा काळोख, खाली वॉचमन बिबट्याच्या धास्तीने उगाचच शिट्टी मारतोय. काका कठड्याशी उभे राहिले. भाचा “ॲक्शन” म्हणाला. काकांनी आवंढा गिळला, समोर पाहिलं. वर्गणी दिलेले सगळे गर्दी म्हणून गच्चीवर आले होते. स्वेटर घालून, पोरंबाळं घेऊन, अडतीस माणसं. काकांच्या कादंबरीला एवढे वाचक एका जागी कधी लाभले नव्हते.

काका बघतच राहिले. पंधरा सेकंद गेली, वीस गेली. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलाला म्हणाले, “बाळ, तुला खाली बसायला काही दिलं नाही का रे?” आणि स्वतःची खुर्ची उचलून त्याच्याकडे न्यायला लागले.

“कट करू?” कॅमेरामन कुजबुजला.

भाच्याने मान हलवली. नाही.

त्यानंतर काकांनी भाषण केलंच, दहा वाजून दहा मिनिटांपर्यंत, वॉचमन वर येईपर्यंत. भाच्याने एडिटमध्ये त्यातलं एक वाक्यही ठेवलं नाही. खुर्ची ठेवली. काकांचं ऑपरेशन चांगलं झालं, त्यांनी दोन्ही डोळ्यांनी तिसरा भाग पाहिला आणि आठवडाभर भाच्याशी अबोला धरला.

परवा मी गेलो तेव्हा दोघं दिवाण ओढून बसले होते. वर्गणीदारांना कबूल केल्याप्रमाणे एकेक प्रत द्यायची होती. भाचा पावत्यांवरची नावं वाचत होता, काका सह्या करत होते. एका पावतीवर दोघं अडले होते. भाचा म्हणत होता, ज्याने पन्नासच रुपये दिले त्याला कशाला द्यायची? काका म्हणत होते, त्यालाच आधी.