बाळोत्यांचा जाणकार

कापडातलं मला कळतं, हे इचलकरंजीत कुणाला सांगावं लागत नाही. मी तरीही सांगतो. आयुष्यभर सुताची आणि कापडाची दलाली केली. लग्नाला गेलो की नवरदेवाचा हात हातात घेताना माझा अंगठा त्याच्या बाहीवरून फिरतो आणि पॉलिस्टर किती टक्के याचा आकडा मनात उमटतो. अशा माणसाच्या घरी लेक पहिल्या बाळंतपणाला आली, नातू झाला आणि बाळाला लंगोट कुठल्या कापडाचे घ्यायचे असा प्रश्न निघाला, तेव्हा हा मान आपण होऊन माझ्या दारी चालत आलाय असंच मी धरलं. घरातल्या बाकीच्यांनी तसं धरलेलं नव्हतं.

लेकीने पुण्याहून यादी करूनच आणली होती. सपाट चौकोनी, प्रीफोल्ड, फिटेड, पॉकेट, ऑल-इन-वन. शेवटच्या दोघांना पुढे टिचबटणांच्या ओळीच्या ओळी, म्हणजे बाळ वाढेल तसा लंगोटही वाढतो. किंमत नगाला चारपाचशे रुपये. यादी वाचून मी नुसतं ‘हं’ म्हणालो. दलालाचं ‘हं’ समोरच्याचा भाव पाडतं. लेकीवर काहीच परिणाम झाला नाही. तिने नमुने पुढे ठेवले.

पहिला नमुना बांबूचा. ‘‘नैसर्गिक आहे, बाबा.’’ झालं. बांबूचा लगदा करायचा, तो रसायनात विरघळवायचा, बारीक भोकांतून दाबून त्याचं सूत काढायचं, याला आमच्या बाजारात व्हिस्कोस म्हणतात. लाकडाच्या लगद्याचंही व्हिस्कोस आणि बांबूच्या लगद्याचंही व्हिस्कोसच. वाईट नाही, पाणी चांगलं पितं, पण त्याच्या पाकिटावर हिरवंगार बन कशाला? मी या विषयावर सविस्तर बोललो. ऐकता ऐकता बाळ झोपलं.

दुसरा नमुना मायक्रोफायबरचा. पाणी झटकन घेतो आणि दाबला की तितक्याच झटकन परत देतो. शिवाय तो बाळाच्या कातडीला थेट लावायचा नाही, कातडीचीच ओल ओढून घेतो, म्हणून वर दुसरं कापड हवंच. आणि या सगळ्यावरचं बाहेरचं आवरण म्हणजे पॉलिस्टरच्या विणीला पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा. त्याला पीयूएल म्हणतात. ‘‘अगं, हा रेनकोट आहे,’’ मी लेकीला म्हणालो, ‘‘फक्त पाऊस आतल्या बाजूला.’’ या वाक्यावर मी स्वतः बराच वेळ खूश होतो.

तेवढ्यात पाकिटातला सूचनांचा कागद हाती लागला. त्यावर लिहिलं होतं, वापरण्यापूर्वी पाच-सहा वेळा धुवा, म्हणजे शोषून घेण्याची ताकद वाढेल. हे वाचलं आणि मला राहवलं नाही. ज्यांना कोऱ्या कापडात रस नसेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत. माझ्या घरचे तेच करतात.

तर, कोरं कापड पाणी पीत नाही. कापसाच्या तंतूवर झाडानेच मेणाचा पातळ थर दिलेला असतो. त्यावर आम्ही आणखी उपद्व्याप करतो. मागावरच्या उभ्या धाग्याला धोट्याचे तडाखे सोसवावेत म्हणून त्याला सायझिंगमध्ये खळ पाजतो. अशा कापडावर पाण्याचा थेंब टाकला तर तो मोत्यासारखा उभा राहतो. मग प्रोसेस हाउसमध्ये कॉस्टिक सोड्यात उकळून मेण काढा, खळ काढा, धुवा, पुन्हा धुवा. 1904 साली जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांच्या पाठबळावर विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला... होय, लंगोटावरून 1904 गाठायला मला फार वेळ लागत नाही. तुम्ही हवामानावर बोला, मी तिथूनही पोचतो. तर दातारांनी माग आणला, मागोमाग गल्लीगल्लीत खटखटाट सुरू झाला. धनी लोकांचं सूत आणून मजुरीवर विणून देणारे खर्चीवाले वाढले, आणि ज्यांच्याकडे माग नव्हता त्यांच्या घरच्या बाया कांड्या भरू लागल्या. आमची आई भरायची. मी शाळेतून यायचो तेव्हा चरख्यापाशी बसलेली असायची आणि केसांत कापसाचे तंतू.

सुताच्या नंबराचं तर बाळाला त्याच्या पाचवीलाच सांगितलं. 840 यार्डांची एक लडी, अशा जितक्या लड्या एका पौंडात बसतात तो त्या सुताचा नंबर. म्हणजे शंभर नंबरी सूत पौंडभर घेतलं तर धागा सुमारे 77 किलोमीटर भरतो. कोल्हापूरला जाऊन परत या, वर उरेल. नातवाने जांभई दिली. आमच्या घरात ज्ञानाचं असंच स्वागत होतं.

एवढं सांगून झाल्यावर प्रयोग करणं आलंच. जेवणाच्या टेबलावर सगळे नमुने ओळीने मांडले, औषधाचा ड्रॉपर घेतला आणि प्रत्येकावर एकेक थेंब सोडून घड्याळ लावलं. आमच्या धंद्यात ही परीक्षा जुनी आहे. नीट धुतलेल्या कापडावर थेंब टेकला की गेला पाहिजे. नवे सुती लंगोट सगळे नापास. थेंब ऐटीत बसून राहिले. मी वहीत नोंदी केल्या.

बायको स्वयंपाकघरातून हे बघत होती. काही न बोलता आत गेली आणि ट्रंकेतून एक गाठोडं घेऊन आली. आईचं सुती लुगडं. घरात नेसायचं, काठ विटलेले, मूळचा हिरवा रंग आता नुसता असल्यासारखा. तिने ते उजेडाकडे धरलं. बसकणीचा भाग विरून जाळीदार झाला होता, तो बाजूला काढला. उरलेल्याला कडेला कात्रीची चिमूटभर खूण केली आणि टर्रकन फाडलं. फाड धाग्याबरोबर सरळ रेषेत गेली. दोन डझनांच्या आसपास चौकोन निघाले. मी एका चौकोनावर थेंब सोडला. घड्याळाचं बटण दाबायच्या आत तो गेला.

‘‘बघ,’’ मी म्हणालो, ‘‘मी सिद्ध केलं.’’

‘‘बरं झालं,’’ ती म्हणाली. ‘‘आता धुवायलाही तुम्हीच सिद्ध व्हा.’’

मी लगेच घरच्यांना शास्त्रीय कारण दिलं: वर्षानुवर्षांच्या धुण्याने मेण गेलेलं, खळ गेलेली, धागा फुललेला, म्हणून हे कापड शोषतं. म्हणजे कंपनी जे पाच-सहा धुण्यांत करा म्हणते ते आईने वीस वर्षं नेसून करून ठेवलं होतं. ही गोष्ट गावातल्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक आहे, एवढाच या संशोधनातला दोष.

बायको मात्र माझं ऐकत नव्हती. ती फाडलेल्या कडा दुमडून शिवत बसली होती. मी म्हटलं, चार महिन्यांचा खेळ, कशाला शिवतेस? तिने कडेचा एक सुटा धागा ओढून माझ्या करंगळीभोवती गुंडाळला आणि हलकेच ताणला. बोटाचं टोक आधी लाल झालं, मग निळसर. ‘‘असाच बाळाच्या पायाच्या बोटाला बसतो. तोंडाने सांगता येत नाही त्याला, नुसतं रडतं. आणि आपण पोट दुखतंय समजून ओवा लावत बसतो.’’ आयुष्यभर मी सुताचा नंबर, पीळ, ताकद सगळं सांगत आलो. सूत बाळाच्या बोटाला काय करतं हे मला कुणी विचारलं नव्हतं.

पावसाळा चालू होता. पहिल्या आठवड्यांत बाळ दिवसाला दहा-बारा बाळोती सहज ओली करतं, आणि पंचगंगेच्या काठच्या हवेत श्रावणात रुमालसुद्धा वाळत नाही. घरभर दोऱ्या लागल्या. आम्ही माना वाकवून फिरत होतो. मऊ राहावीत म्हणून मी शेवटच्या पाण्यात सुगंधी सॉफ्टनर घातला आणि ड्रॉपर पुन्हा काढला, तर थेंब पुन्हा उभा! सॉफ्टनर तंतूवर थर धरतो, हे मला माहीत असायला हवं होतं. मीच तो होलसेलमध्ये विकलाय. दोन धुण्यांनंतर बाळोती ताळ्यावर आली.

या दिवसांत बाळाला बघायला माणसं येत होती. येताना झबली-टोपडी आणत आणि जाताना सल्ला ठेवून जात. विकतचा डायपर दिसला की, ‘‘अगं, एवढ्याशा जिवाला प्लास्टिकमध्ये कोंडतेस?’’ दोरीवर बाळोती दिसली की, ‘‘नोकरी करणारी तू, कशाला हा धुण्याचा रगाडा?’’ दोन्ही वाक्यं कधीकधी एकाच तोंडून, एकाच चहाच्या कपात. लेक हसून सगळ्यांना हो म्हणायची. एका पहाटे पाणी प्यायला उठलो तर ती अंधारात बसली होती, बाळ एका हातावर, दुसऱ्या हाताने ओलं दुपटं चाचपत. रात्रीपुरता विकतचा डायपर लावायचं तिने ठरवलं तेव्हा मी कापडाचा अभिमानी म्हणून तोंड उघडलं. ती शांतपणे म्हणाली, ‘‘बाबा, तीनला तुम्ही उठणार का?’’ मी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. खरं सांगायचं तर सल्ले देणाऱ्या त्या माणसांचा मला फार राग येत होता, आणि त्यांच्यातला सगळ्यात मोठा आवाज माझाच होता.

जावई इंजिनियर. त्यांना दोन बाजू तराजूत घालायची सवय. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याचा 2008 चा एक अहवाल त्यांनी वाचला होता. त्यात म्हटलंय की कापडी लंगोटांचा पर्यावरणाला फायदा आहे की तोटा, हे तुम्ही ते कसे धुता यावर ठरतं: मशीन पूर्ण भरून लावा, ड्रायरऐवजी दोरीवर वाळवा आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलालाही वापरा, की फायदा वाढतो. हा शेवटचा मुद्दा त्यांनी बारशाच्या आधीच बाळंतिणीसमोर मांडला. लेकीने फक्त त्यांच्याकडे पाहिलं. त्यानंतर त्या अहवालाचा घरात उल्लेख झालेला नाही.

विकतच्या डायपरचं पुढे काय होतं हे मात्र लेकीलाच माहीत होतं. पुण्यात ‘स्वच्छ’ या संस्थेच्या कचरावेचक ताई दारोदार कचरा घेतात आणि तो हाताने वेगळा करतात. म्हणून डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे पुडकं उघडावं लागत नाही. 2016 च्या घनकचरा नियमांतही गुंडाळूनच द्या असं म्हटलं होतं. इचलकरंजीत लाल ठिपका कुणाला कळणार, असं मी म्हटलं, तरी ती प्रत्येक पुडक्यावर तो काढत होती. पेन माझं होतं. मीही काढू लागलो.

बारशाला भाचेसून आली. तिचेही दिवस भरत आलेत. बाळोती हाताला लावून म्हणाली, ‘‘मामा, असं एखादं लुगडं माझ्यासाठी बघा ना.’’ मी छाती फुगवून हो म्हटलं. मग ट्रंका उघडल्या, कपाटं उघडली, वहिनीकडे गेलो, आत्याकडे गेलो. सुती जुनं काहीच नाही. जे होतं ते बोहारणीने नेलेलं; त्याची पातेली आणि झाकणीचे डबे मात्र मला सगळीकडे दाखवण्यात आले. कपाटांत होत्या त्या सिंथेटिक साड्या. वीस वर्षं झाली तरी पहिल्या दिवसासारख्या, आणि थेंब अजून वर उभा. ‘‘धुवा आणि घाला, खळ नको, इस्त्री नको,’’ असं सांगून त्यांतला बराच माल गावात आणि गावाबाहेर मीच खपवला. दलाली चांगली सुटायची. बायकांचा धुण्या-इस्त्रीचा त्रास वाचला, हेही खोटं नाही.

तेव्हा भाचेसुनेसाठी शोध अजून चालू आहे. दरम्यान वाचकांना एक विनंती. येत्या लग्नसराईत आहेराला साडी द्यायचीच असेल तर सुती द्या, आणि जिला द्याल तिला ती नेसायलाही सांगा, कपाटात ठेवायला नको. आणि ज्यांच्या घरी एखादं जुनं लुगडं उरलं असेल त्यांनी बोहारीण आली की सरळ सांगावं, आमच्याकडे पातेली पुष्कळ आहेत.