पोट एक, बिलं दोन

क्रूझच्या तिकिटात रात्रीचं साग्रसंगीत जेवण असतंच. तरी बोट धक्का सोडते न सोडते तोच ‘स्पेशालिटी’ स्टेकहाउसचं आमंत्रण हजर: माणशी 50 डॉलर, वर 18 टक्के सेवाशुल्क. म्हणजे पैसे भरलेल्या ताटावरून उठण्याचे पैसे वेगळे! 1912च्या ‘टायटॅनिक’वरही जादा पैशांचं रेस्टॉरंट होतं, पण सगळी जेवणं तिथेच घ्यायची आधी ठरवलं, तर भाड्यात सूट मिळे. हिमनग दिसायला उशीर झाला, हिशेब मात्र वेळेवर दिसला होता. आता सूट कसली, लॉबस्टरला आणखी जादा. स्टेक उत्तम होता, खोटं का बोला! फक्त रात्री अकराला फुकटच्या पिझ्झ्याच्या रांगेत शेजारच्याच टेबलावरचे चौघे माझ्यापुढे उभे होते.